अंग चोरणे

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. सारे जग म्हणजे त्याला वाक्प्रचारांची उदाहरणे वाटू लागतात. शेजारी भांडण जुंपले, की तो मनाशी ‘हमरीतुमरीवर येणे’ अशी नोंद करतो आणि भांडण सोडवायला जायचे विसरतो. माझी ही खोड या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, आणि घरच्या मंडळींना तर ती पुरती नकोशी झालेली आहे. पण गेल्या भाऊबिजेपासून एका वाक्प्रचाराने माझीच फिरकी घेतली. तो वाक्प्रचार म्हणजे ‘अंग चोरणे’.

अंग चोरणे म्हणजे फार थोडे काम करणे, कामात कुचराई करणे. वीस वर्षे मी वर्गात हाच अर्थ सांगत आलो. त्याचा दुसरा अर्थ आहे, कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून अंग आक्रसून घेणे. तो मी शेवटी घाईघाईने उरकत असे. कारण तोवर तास संपलेला असे. हा दुसरा अर्थ मला नीट समजावून दिला तो दोन गिनीपिगांनी.

झाले असे, की भाऊबिजेला आमचे मेहुणे ठाण्याहून आले. बहिणीसाठी साडी आणि भाचीसाठी एक पुठ्ठ्याचे खोके. खोक्याला जागोजागी भोके पाडलेली. ती भोके पाहूनच माझ्या पोटात गोळा आला. पण मामाने आणलेले खोके उघडू नकोस, असे नऊ वर्षांच्या मुलीला सांगू शकेल असा बाप अजून जन्माला यायचा आहे. आत दोन प्राणी. शेपूट नाही, मान असल्याचा पत्ता नाही, काळ्या मण्यांसारखे डोळे आणि गुलाबाच्या पाकळीसारखे दोन कान. एक पांढरी, गुबगुबीत. दुसरी तपकिरी, अंगभर केसांचे भोवरे असलेली. फराळाचे ताट समोरच होते. पांढरीचे नाव करंजी पडले आणि भोवरेवालीचे चकली. बारसे दोन मिनिटांत आटोपले.

आम्ही चऱ्होलीला राहतो. इंद्रायणीकाठचे हे जुने गाव आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत मोडते. टेकडीवरचे वाघेश्वराचे देऊळ जिथल्या तिथे आहे. खाली मात्र शेतांच्या बांधाला बांध लावून दहा-दहा मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. सकाळी रस्त्याने चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या बसगाड्या धावतात आणि त्यांना आडव्या म्हशी जातात. अशा ठिकाणच्या सोसायटीत शेजार अजून जिवंत असतो. आमच्याकडे ‘काहीतरी’ आले आहे ही वार्ता अर्ध्या तासात चारही मजल्यांवर पोचली, आणि माणसे बघायला लोटली.

बघायला आलेला प्रत्येक माणूस हात लावल्यावाचून गेला नाही. कुणी वरून झडप घालावी तशी चकलीला उचलली. कुणी नर की मादी ते पाहण्यासाठी तिला उताणी केली. एका उत्साही तरुणाने फोटोसाठी तिला खांद्यावर बसवली. चकलीने हूं की चूं केले नाही. ज्याच्या हातात जाईल तिथे ती कापसाच्या पुंजक्यासारखी गप्प राही. “किती गरीब जनावर आहे हो!” एक बाई म्हणाल्या. “बघा, कशी शांत बसलीय मांडीवर!” दुसऱ्यांनी दुजोरा दिला. आणि लाज वाटते सांगायला, पण “चांगली माणसाळलेली दिसते,” हे प्रमाणपत्र मी दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी पत्नी पिंजऱ्यापाशी वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “अहो, चकलीने काल रात्रीपासून कोथिंबिरीला तोंड लावलेलं नाही. आणि लेंड्याही टाकलेल्या नाहीत.” मी वर्तमानपत्र वाचत होतो. जनावर आहे, खाईल भूक लागली की, असे काहीसे मी पुटपुटलो. संध्याकाळपर्यंत चकली कोपऱ्यात तशीच. केस पिंजारलेले, पाठीला पोक, डोळे अर्धवट मिटलेले. गावातल्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “सर, म्हैस असती तर मी आलो असतो. याला लहान प्राण्यांच्या डॉक्टरकडेच न्या. आणि उद्यावर टाकू नका.”

रिक्षाने पुणे गाठले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, शेवटचे कधी खाल्ले? मी चोवीस तासांचा हिशेब सांगताच त्यांचा चेहरा गंभीर झाला. या प्राण्याचे आतडे सतत चालते राहावे लागते, त्या म्हणाल्या; ते थांबले, की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्यांनी दात पाहिले, पोट चाचपले, घरी काय-काय झाले ते विचारून घेतले. “दुसरं काही सापडत नाही. हिने धास्ती घेतलीय.” एवढ्यात आमची लेक म्हणाली, “पण ती तर सगळ्यांकडे शांत बसायची!”

डॉक्टरीणबाई तिच्यापुढे खाली वाकल्या. “बाळ, ती शांत नव्हती. ती थिजली होती.”

मग त्यांनी आम्हां तिघांना समजावून सांगितले. हा प्राणी शिकार करणाऱ्यांतला नाही, शिकार होणाऱ्यांतला आहे. त्याच्या जातीने हजारो वर्षे आकाशातून झडप घालणाऱ्या पक्ष्यांच्या भीतीत काढली. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणून मागचे-वरचे पुष्कळ दिसते. वरून हात आला, की त्याच्या लेखी ती घारच. अशा वेळी त्याला दोनच गोष्टी येतात: पळणे, किंवा दगडासारखे निश्चल होणे. मुठीत धरल्यावर पळणे खुंटते. उरते दुसरे. आणि त्या दुसऱ्या गोष्टीला आम्ही तीन दिवस ‘गरीब स्वभाव’ म्हणत होतो!

औषध मिळाले. भिजवून वाटलेले खाद्य बिनसुईच्या सिरिंजने ओठांच्या कडेने थोडे-थोडे कसे भरवायचे तेही शिकलो. ती रात्र आणि पुढचा दिवस दर दोन-तीन तासांनी भरवणे चालले. दिवाळी सरली होती. पण उरलेले फटाके संपवण्याचे राष्ट्रीय कर्तव्य सोसायटीतली मुले पार पाडत होती. प्रत्येक आवाजाला चकली दचके, आणि तिच्याबरोबर आमची लेक. पहाटे केव्हातरी ती मला म्हणाली, “बाबा, मी तिला मारलं असतं का?” वर्गात प्रश्नाला उत्तर तयार ठेवणारा मी क्षणभर गप्प झालो. “तू एकटीने नाही,” मी म्हणालो, “आपण सगळ्यांनी. लाड करता करता.”

दुसऱ्या पहाटे पिंजऱ्यातून बारीकसा कुरुम् कुरुम् आवाज आला. चकली वाळल्या गवताची काडी खात होती. पत्नीने घरभर दिवे लावले. आमची खरी दिवाळी त्या पहाटेची.

आता प्रश्न होता तो पुढचा. प्राणी घरात ठेवायचे, तर त्यांच्याशी वागायचे कसे? त्याचे पहिले सूत्र आमच्या आईने सांगितले. आईचे बालपण खेड तालुक्यातल्या एका गोठ्याच्या घरात गेलेले. ती म्हणाली, “अरे, वासरू झालं तरी आम्ही त्याला एकदम हात लावत नसू. आधी हात पुढं करायचा, त्याला हुंगू द्यायचा. मग त्याच्या मनात आलं तर ते मान पुढं करतं. नाही आलं, तर आपण आपल्या कामाला लागायचं. तुम्ही शिकलीसवरलेली माणसं, तुम्हांला एवढं कुणी सांगितलं नाही होय?” सांगितले नव्हते, हे खरे. लेकीने त्याच दिवशी एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘आधी विचारा’ असे लिहून तो पिंजऱ्यावर चिकटवला.

मीही माझ्या परीने अभ्यासाला लागलो. मराठीत या प्राण्याला स्वतःचे नाव नाही. आपण इंग्रजी नावावरच भागवतो. आणि ते नाव दुहेरी खोटे! हा प्राणी डुक्कर नाही, आणि आफ्रिकेतल्या गिनी देशाचाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी पाळला, तो खाण्यासाठी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला आणि तिथे खेळायचा प्राणी झाला. पेरू देशात त्याला ‘कुय’ म्हणतात. ते नाव त्याच्या आवाजावरूनच पडले असे मानतात. म्हणजे निदान तिथल्या लोकांनी तरी त्याचे बोलणे ऐकले होते!

आपण त्याला ओळखतो ते मात्र प्रयोगशाळेमुळे. आमच्या मुंबईवर तर त्याचे ऋण आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. उंदरांकडून माणसांकडे तो जातो कसा, हे कोडे होते. १९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत जे प्रयोग केले, त्यांत प्लेगच्या घरांमधून गिनीपिग सोडले गेले. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा या गिनीपिगांवर चढल्या, आणि त्यांतले कितीतरी प्लेगने मेले. ज्यांना पिसवांपासून जाळीने दूर ठेवले होते ते वाचले. रोग पिसू आणते, हे त्यावरून पक्के झाले. दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, होल्स्ट आणि फ्रोलिक या नॉर्वेच्या संशोधकांनी गिनीपिगाला नुसत्या धान्यावर ठेवले, तर त्याला स्कर्व्ही झाला. माणसाप्रमाणेच त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, हा धागा तिथून मिळाला. ‘आमचा काय गिनीपिग करता काय?’ असे आपण रागाने म्हणतो. त्या बिचाऱ्याला ते म्हणण्याची सोय नव्हती.

की होती, आणि कुणी ऐकले नाही?

आळंदी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ज्ञानदेवांनी पैठणला रेड्याच्या मुखातून वेद बोलविले ही कथा इथल्या पोरासोरांना पाठ असते. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे. जनावराच्या तोंडी आपली भाषा यावी, हे ज्ञानदेवांना साधले. आपल्यासारख्यांनी आपले सोपे काम पत्करावे आणि जनावराचीच भाषा शिकावी, असे मी ठरवले. शाळेच्या व्याकरणात ध्वनिदर्शक शब्दांची यादी असते. वाघाची डरकाळी, घोड्याचे खिंकाळणे, गाईचे हंबरणे, मोराचा केकारव. त्या यादीत गिनीपिग नाही. म्हणून लेकीने आणि मी एक वही घातली, आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीला पिंजऱ्याजवळ जमिनीवर बसू लागलो. पहाट आणि संध्याकाळ या त्यांच्या जागेपणाच्या वेळा.

पहिले तीन आठवडे आम्ही काहीही केले नाही. कॉलेजात मला पगार ज्याच्यासाठी मिळतो त्याच्या अगदी उलट, म्हणजे गप्प बसलो. हात पिंजऱ्याच्या दारात तळवा वर करून ठेवायचा, त्यावर कोथिंबिरीची काडी. हात पुढे न्यायचा नाही. घ्यायची तर त्यांनी येऊन घ्यायची. करंजीने नवव्या दिवशी काडी ओढून नेली. चकली पाहत राहिली. तिला आमची ओळख आधीच झालेली होती, हे कसे विसरायचे?

त्या दिवसांत वही भरत गेली, आणि माझे वाक्प्रचार एकेक करून जिवंत होऊ लागले. फ्रीजचे दार उघडले, की दोघी पिंजऱ्याच्या जाळीला पुढचे पाय टेकून ‘वीऽक, वीऽक’ अशी लांबलचक शीळ घालत. हा ‘तोंडाला पाणी सुटणे’. एकमेकींच्या अंगाला टेकून पडल्या, की गळ्यातून खालच्या पट्टीत मंद घुरघुर येई, अंग सैल, मागचा पाय एका बाजूला ताणलेला. हा ‘निर्धास्त होणे’. पण तीच घुरघुर आखूड आणि चढ्या सुरात आली, अंग ताठ झाले, तर तिचा अर्थ ‘हे काय चालले आहे?’ असा असतो. शब्द तोच, स्वर निराळा, हे मराठी माणसाला काय सांगावे? करंजीच्या वाट्याच्या ढोबळ्या मिरचीवर चकली धावून गेली, तेव्हा करंजीने दात कडकड वाजवले. ‘दातओठ खाणे’ मी कितीतरी वर्षे शिकवले. पाहिले त्या दिवशी. असे दात वाजत असताना आपला हात मध्ये घालू नये, हे निराळे सांगायला नको.

आणि एके संध्याकाळी चकलीने उभ्या जागी टुणकन उडी मारली, हवेतच अंगाला झोला दिला, पुन्हा मारली, पुन्हा मारली. लेक घाबरून ओरडली, “बाबा, तिला झटका आला!” झटका नव्हता. गरम वाळूत लाही फुटावी तशी ती फुटत होती. इंग्रजीतही या उड्यांना लाह्यांवरूनच नाव आहे. ‘आनंद गगनात न मावणे’ म्हणतात तो हा. आमच्या घरी येऊन दोन महिने झाले होते, आणि तिचा आनंद आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

वहीचे शेवटचे पान मात्र सगळ्यांत महत्त्वाचे. त्याला लेकीने ‘नाही’ असे नाव दिले. हात जवळ येताच डोके झटक्यात वर उडवणे, म्हणजे ‘हात काढ’. मांडीवर असताना चुळबुळ करणे, कपडा दाताने ओढणे, म्हणजे ‘मला खाली जायचे आहे’. बहुधा लघवीची वेळ झालेली असते, आणि जो ऐकत नाही त्याला त्याचे फळ तत्काळ मिळते. पाठ वळवून लांब जाणे, म्हणजे लांब जाणे. आणि शेवटी, डोळे विस्फारून, पाय पोटाखाली घेऊन, अजिबात न हलणे. अंग चोरणे. यात आवाज नाही, प्रतिकार नाही. म्हणूनच तो सगळ्यांत मोठा नकार आहे, आणि म्हणूनच तो सगळ्यांत आधी होकार समजला जातो.

चकली लेकीकडे आली ती होळीच्या सुमारास. लेक पाय पसरून जमिनीवर पुस्तक वाचत बसली होती. दोघी खोलीत मोकळ्या. चकली भिंतीच्या कडेकडेने आली, पावलाचा वास घेतला, परत गेली. पुन्हा आली. मग पुढचे दोन पाय लेकीच्या गुडघ्यावर ठेवून उभी राहिली. लेकीने पान उलटले नाही. श्वासही घेतला नसावा. चकली चढली, मांडीत एक गिरकी घेतली आणि बसली. मी दारात उभा होतो. लेकीने माझ्याकडे पाहून फक्त भुवया उंचावल्या. चार महिन्यांनी मिळालेली ती दहा मिनिटे. आणि भाऊबिजेला त्याच मुलीने तिला दिवसात दहा वेळा उचलले होते.

उचलावे तर लागतेच. पिंजरा झाडताना, वजन पाहताना, नखे कापताना. ते कसे करावे हे वाचकांच्या घरी असा पाहुणा असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहितो. आपण आधी खाली बसावे. बोलत-बोलत, बाजूने हात न्यावा, वरून कधीच नको. एक तळवा पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा बुडाखाली. चारही पाय अधांतरी लोंबू नयेत. लगेच आपल्या छातीशी टेकवावे. मानगूट धरू नये, उताणे करू नये. कोचाच्या उंचीवरून पडले तरी हाड मोडू शकते, म्हणून मुलांनी जमिनीवर बसूनच घ्यावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. परत ठेवताना घाई करू नये. पिंजरा दोघींना निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद हवा, तळ जाळीचा नको, आणि लपायला दोघींना दोन खोपटी हवीत. ज्याला लपायला जागा आहे तोच बाहेर येण्याचे धाडस करतो. वाळले गवत चोवीस तास, कारण दात जन्मभर वाढतात. जोडीला कोथिंबीर, ढोबळी मिरची, आणि गोड म्हणून कधीमधी पेरूची लहानशी फोड. पेरू देशाच्या पाहुण्याला पेरू, हा योगायोग लेकीला फार आवडतो. उन्हाळ्यात मात्र सांभाळावे लागते. आपला एप्रिल त्यांना सोसत नाही. थंड फरशी, सावली आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आम्ही देतो. आणि एकच आणू नये. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून एकटा गिनीपिग पाळणे कायद्याने मना आहे. माणसाची सोबत कितीही असली, तरी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे कुणी हवेच.

असो. इथवर ही गोष्ट गिनीपिगांची झाली. पण भाद्रपदात तिला एक वळण लागले.

गौरी-गणपतीला माझी थोरली बहीण माहेरपणाला आली. ताईचा जीव भाचीवर भारी. तिचे प्रेम आवाजासकट असते. दारातूनच “कुठाय माझी बाहुली!” म्हणत ती येते, भाचीला ओढून कवटाळते, दोन्ही गाल चिमटीत धरते आणि मुके घेते. दरवर्षीचे आहे हे. आम्ही सगळे कौतुकाने पाहतो. लेक ताईच्या मिठीत गप्प उभी असते, आणि कुणीतरी म्हणते, “किती गुणी पोर आहे!”

यंदाही ताईने तिला ओढली. मी गणपतीसाठी दूर्वांच्या जुड्या निवडत होतो. निवडून उरलेल्या दूर्वा करंजी-चकलीला जात असत, आणि त्या त्या दोघींना देवापेक्षा अधिक मानवत. सहज मान वर केली. लेकीचे खांदे कानांपाशी गेले होते. कोपर पोटाशी, डोळे मोठे, अंग ताठ. ती अजिबात हलत नव्हती.

वहीचे शेवटचे पान माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. नऊ वर्षे हे मी पाहत होतो, आणि मी मराठीचा प्राध्यापक!

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत लेकच बोलली. हळू आवाजात, पण स्पष्ट. “आत्या, मला एकदम धरलेलं आवडत नाही गं.” खोलीत शांतता पसरली. आईच्या हातातली वात अर्धी वळायची राहिली. ताईचा चेहरा उतरला. “अगं, आत्याच ना मी? परकी का?” मी नेहमीप्रमाणे ‘लहान आहे, मनावर घेऊ नकोस’ म्हणणार होतो. ते वाक्य जिभेवर आले होते. पण पत्नीने माझ्याकडे पाहिले, आणि मी ते गिळले. “ताई,” मी म्हणालो, “ती खरं सांगतेय. आम्हीच इतकी वर्षं ऐकलं नाही.”

ताई दुखावली होती. दुपारी जेवताना ती फारशी बोलली नाही, आणि मलाही पुरणपोळी गोड लागली नाही. प्रेमाच्या माणसाला प्रेमाची रीत बदल म्हणणे किती अवघड असते, हे ज्याने म्हटले असेल त्यालाच कळेल. चहाच्या वेळी लेक आपण होऊन ताईजवळ गेली. “आत्या, चकलीला खायला देतेस? पण तिला उचलायचं नाही हं. तिने यायला हवं.” ताईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी पाट आणला. नऊवारीचा घोळ सावरीत ताई पाटावर बसली, कोथिंबिरीची काडी तळव्यावर धरून. पाच मिनिटे गेली. दहा गेली. “येत नाही गं ही,” ताई कुजबुजली. “थांब,” लेक म्हणाली. पंधराव्या मिनिटाला चकली खोपट्यातून बाहेर आली, नाक हलवीत, एक पाऊल पुढे, दोन मागे. आणि काडी घेऊन गेली. ताई लहान मुलीसारखी हसली. हात तिने तसाच पुढे ठेवला होता, रिकामा, तळवा वर. लेकीने त्याकडे पाहिले, आणि आपला हात त्यावर ठेवला.

यंदाची दिवाळी करंजी-चकलीची पहिली पुरी दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांचा पिंजरा आतल्या खोलीत जाईल, रस्त्यापासून लांबच्या भिंतीला. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, खोपट्यांत गवत नेहमीच्या दुप्पट. पिंजऱ्यावर जाड चादर एका बाजूने, हवा खेळती ठेवून. लेकीने मजल्यावरच्या मुलांची बैठक घेऊन आमच्या खिडकीखाली सुतळी बॉम्ब लावायचा नाही असे ठरवून घेतले आहे. भुईनळ्यांना परवानगी आहे. दर तासाला कुणीतरी जाऊन त्या खातात की नाही ते पाहायचे, ही पाळी माझी. या वेळी मी वर्तमानपत्र वाचणार नाही.

परवा ताईचा फोन आला. भाऊबिजेला ती येते आहे. माझ्याशी दोन वाक्ये बोलून तिने भाचीला फोन द्यायला सांगितले. पलीकडून काय विचारले गेले ते मला ऐकू आले नाही. लेकीने जरा विचार केला, आणि म्हणाली, “चकलीसाठी कोथिंबीर आण. आणि मिठीचं मी तू आल्यावर सांगते.”